शहाताचा उजवा कान

आमच्या इज्बेत-एन-नख्ल वस्तीत कुणालाही विचारा, लग्नाच्या गाण्यांचं मिक्सिंग कोण चांगलं करतं. टुकटुक रिक्षावाला असो की कबुतरवाला, एकच नाव सांगेल, शहाता. वर म्हणेल, "त्याचा कान सोन्याचा आहे." मी शहाताची थोरली बहीण, एनायात. शिवणकाम करते. लोक कपड्याचं माप द्यायला येतात आणि मलाच माझ्या भावाच्या कानाचं कौतुक ऐकवतात, तेव्हा तोंडात धरलेल्या टाचण्या गिळाव्यात असं वाटतं. सोन्याचा कान म्हणे. कोणता हो, डावा की उजवा? डावा म्हणत असाल तर मान्य आहे. उजवा नऊ वर्षांपासून नुसता शोभेला आहे. त्याच्या जागी जो कान चालत होता तो माझा होता, आणि सहा महिने झाले, मी गच्चीवर पाऊल टाकलेलं नाही.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाई उगाच बोटं मोडते.

शहाताच्या आधी माझे दोन भाऊ पाळण्यातच गेले. तिसऱ्या खेपेला आजूबाजूच्या बायका आईला म्हणाल्या, मागून आणलेल्या कपड्यात बाळ गुंडाळ आणि नाव भिकाऱ्याचं ठेव, म्हणजे मरण त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून शहाता, म्हणजे मागून खाणारा. आईला बाळंतपणातून उठवत नव्हतं, तेव्हा सात घरी पदर पसरायला मी गेले होते. आठ वर्षांची होते. सहा घरांनी दिलं, सातव्या घरच्या म्हातारीने आधी माझ्याकडून जिना झाडून घेतला आणि मग एक टोपडं दिलं. तेव्हापासून हे असंच चालत आलंय. त्याला काही हवं असलं की जिना मी झाडायचा.

मोठा झाल्यावर त्याने लग्नातले स्पीकर लावण्याचं काम धरलं. आमच्याकडची लग्नं रस्त्यावर होतात. या टोकाला एक मांडव, त्या टोकाला दुसरा, आणि ज्याचा आवाज दुसऱ्याच्या मांडवात ऐकू जाईल तो जिंकला. माणसाच्या उंचीचे स्पीकर एकावर एक रचायचे आणि शहाताने त्यांच्या डाव्या अंगाला टेबल टाकून उभं राहायचं. म्हणजे उजवा कान स्पीकरला चिकटलेला. अकरा वर्षं तो तसा उभा राहिला. पुढे कॉम्प्युटर घेतला, गच्चीवरच्या कबुतरखान्याशेजारच्या खोलीत बसून महरगानची, म्हणजे रस्त्यावरच्या लग्नात नाचायची, गाणी बनवायला लागला. ढोल कॉम्प्युटरचे, टाळ्या कॉम्प्युटरच्या, सनईसारखं काहीतरी केकाटतं तेही कॉम्प्युटरचं. माणसाचा म्हणून जो आवाज असतो तोसुद्धा यंत्रातून पिळून काढलेला. मला आधी ती गाणी अजिबात आवडत नसत. खोटं कशाला बोलू?

जुलैतल्या एका दुपारी मी कपडे वाळत घालायला वर गेले. खोलीच्या खिडकीला आवाज अडवायला गादी लावलेली, पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद, शहाता घामाने निथळत खुर्चीत बसलेला. छोट्या दोन स्पीकरांवर गाणं चालू होतं. मी दारातून सहज म्हटलं, "ती उजवीकडची टाळी कमी कर रे. कानात डास शिरल्यासारखी वाटते."

त्याने मागे वळून बघितलं. "कुठली टाळी?"

"ही काय. आत्ता वाजली ती."

त्याने गाणं थांबवलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबवलं. मग तोंड ओंजळीत धरून बसला. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली. पाणी आणायला वळले तर त्याने माझी बाही धरली. म्हणाला, "एनायात, मला उजवीकडचं काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाला नस मेली. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? आणि मला आत्ता सांगतोस?"

"कुणालाच सांगितलेलं नाही. बाहेर कळलं तर माझी चूल विझली समज. बहिऱ्याकडे मिक्सिंगला कोण येणार?"

मी चिडले, दोन शिव्या घातल्या, आणि मग स्टूल ओढून त्याच्या उजव्या हाताला बसले. नवऱ्याने सोडल्यापासून त्याच घरात राहत होते, दुपारी तासभर तर वेळ असतोच. माझा कानही तसा वाया गेलेला नाही. तीस वर्षं शिलाई मशीन चालवतेय. दोरा तुटायच्या आधी टाका वेगळा वाजतो, तो मला शेजारच्या खोलीतून कळतो. तो तासभर मग सात वर्षं चालला.

आमची पद्धत ठरून गेली. गाणारे लोक सकाळी यायचे, आवाज देऊन जायचे. दुपारी शहाता सगळ्यांना बाहेर काढायचा. "शेवटचा हात मी एकटाच मारतो," असं सांगायचा. लोकांना वाटायचं यात काहीतरी गुपित विद्या आहे. विद्या जिन्यावर मुलूखियाच्या पाल्याची जुडी घेऊन उभी असायची. मुलूखियाची पानं खुडताना आवाज होत नाही, म्हणून मी तीच भाजी न्यायची. तांदूळ निवडायला नेले तर ताटात खडखडतात, भोपळी कोरताना खरखर होते. सात वर्षांत आमच्या घरी जेवढी मुलूखिया शिजली तेवढी अख्ख्या गल्लीत शिजली नसेल. उजवं जड झालं की मी माझ्या पायाने त्याच्या खुर्चीला एकदा ढकलायची. डावं जड झालं की दोनदा. सगळं बरोबर बसलं की पानं खुडायची थांबायची, आणि तो ओळखायचा.

खाली गॅसवाला सिलिंडरवर पाना बडवत आला की दोघं गप्प बसून तो जायची वाट बघायचो. पंखा बंद असायचा. ऑगस्टमध्ये माझी ओढणी पिळून काढावी लागे.

मी शिकत गेले. मला कुणी शिकवलं नाही, पण शिकले. आवाज वाढवणं हे गाढवाचंही काम आहे, दांडी वर सरकवली की झालं. खरं काम कमी करण्याचं. ढोलाचा खर्ज आणि गाणाऱ्याचा छातीतला आवाज एकाच जागेवर बसायला बघतात. दोघांनाही वाढवलं तर दोघंही चिखलात. ढोलाचा थोडा भाग कापला की गाणारा आपोआप पुढे येतो, त्याला हातही लावावा लागत नाही. शहाताला हे माहीत होतं, त्याबद्दल त्याला बोल लावणार नाही. डोकं त्याचंच होतं. पण कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवताना तो माझ्या पायाकडे बघायचा.

आमचा एक गाणारा होता, शत्ता. शत्ता म्हणजे तिखट, आणि पोरगा होताही तसाच. तो यायचा, शहाताला उस्ता म्हणजे उस्ताद म्हणायचा आणि एकच रडगाणं लावायचा.

"उस्ता, माझा आवाज वाढव."

"वाढवला की तुझ्या गळ्यातला फाटका भाग पण वाढतो," शहाता म्हणायचा.

"मग सगळंच वाढव. बाजूच्या गल्लीतलं लग्न ऐकू येता कामा नये."

"अरे, काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन नाचता येतं का? थोडी जागा ठेवू दे. ठोका पडायला जागा लागते."

"लोक नाचायला येतात, जागा बघायला नाही."

शत्ता कुरकुरत जायचा आणि लग्नात पोरं त्याच्याच गाण्यावर सगळ्यात जास्त नाचायची. मग यायचा आणि शहाताच्या डोक्याचा मुका घ्यायचा. मी जिन्यात उभी राहून ऐकायची. छान वाटायचं, खोटं नाही सांगत. आपलं केलेलं कुणी वाखाणतंय, भले दुसऱ्याच्या डोक्याचा मुका घेऊन का होईना.

आता सलामाचं सांगते, कारण सगळं बिनसलं ते तिथून.

आमच्या गाण्यात मध्येच नावं घेतात. अमक्याला सलाम, तमक्याला सलाम. खाटकाला, टुकटुक स्टँडवरच्या पोरांना, कुवेतला गेलेल्या भावाला. आणि शेवटी मिक्सिंग करणाऱ्याला, "सोन्याच्या कानाच्या शहाताला सलाम." ते मीच त्याच्या खुर्चीला ढकलून ढकलून नीट बसवलेलं असायचं. एकदा शत्ताच्या गाण्यात चाळीस नावं होती. इमाम कबुतरवाल्याला सलाम, आणि त्याच्या काळ्या नराला सलाम. मी खुडलेली पानं मांडीवरून खाली टाकली.

"शहाता, कबुतराला सलाम आहे."

"हो, फार जातिवंत नर आहे तो."

"मला कधी सलाम नाही झाला."

तो हसला. मग बघितलं की मी हसत नाहीये. "तुझं नाव टुकटुकमध्ये वाजवू? उद्या रस्त्यावरचा कुणीही उनाड गुणगुणत जाईल. चालेल तुला?"

हे त्याचं चूक नव्हतं. आमच्याकडे पुरुष आईचं-बहिणीचं नाव चारचौघांत घेत नाही. शाळेतली पोरं आईचं नाव फुटलं म्हणून एकमेकांची डोकी फोडतात. शहाताच्या फोनमध्येही माझं नाव नाही, "घर" असं लिहिलंय. मला ते ठाऊक आहे, मी काही चंद्रावरून उतरले नाही.

मी म्हटलं, "नाव नको घेऊ. नुसतं म्हण, उजवीकडे बसणाऱ्याला सलाम."

"लोक विचारतील कोण तो."

"विचारू देत."

"नको एनायात. एकदा धागा सापडला की लोक अख्खा सदरा उसवतात."

शिवणकाम मी करते, आणि म्हणी हा मला सांगतो. मी खाली पडलेली पानं गोळा केली. पण त्या दिवसापासून मनात एकच गोष्ट अडकून राहिली. एकदा, एकदाच, त्याने कुणापुढे तरी म्हणावं की हे काम मी एकटा करत नाही. माझं नाव घालायचं नव्हतं मला गाण्यात. पैसे नको होते. एका माणसापुढे म्हटलं असतं तरी मी ते आयुष्यभर पुरवून वापरलं असतं.

आणि तो एक माणूस चालून आला. शाहीनाज नावाची इंजिनिअरबाई. दोक्कीत, म्हणजे शहरातल्या श्रीमंत भागात, तिचा आवाजाचा मोठा स्टुडिओ. तिने शहाताला बोलावून घेतलं. तो परत आला तो जमिनीवर पाय ठरत नव्हते. ती म्हणाली होती, सगळ्या गल्ल्यांमधली गाणी काठोकाठ भरलेली असतात. फोनवर लावली की फोन सगळ्यांना एकाच पातळीवर आणतो, जो फार ओरडतो त्याला खाली ढकलतो, आणि मग ती गाणी लादी पुसल्यासारखी सपाट वाटतात. तुझीच तेवढी श्वास घेतात. आणि हेडफोन लावून ऐकलं तर डावं-उजवं तराजूत तोललेलं. माझ्याकडे ये, कायमची खुर्ची देते. आधी एक गाणं करून आण, माझ्यासमोर बसून त्यात दोन-चार फेरफार कर, म्हणजे मला तुझा हात कळेल.

"तोललेलं म्हणाली?" मी विचारलं.

"हो. तराजूत तोललेलं."

"मग सांगितलंस का तिला, तराजूचं एक पारडं कुणाचं आहे?"

तो टोमणा मारणार असं वाटलं, पण त्याने भाकरीचा तुकडा उसळीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "कसं सांगू? बाईमाणूस असली तरी तिच्या हाताखाली दहा पुरुष बसतात. त्यांच्यात जाऊन म्हणू, मी बहिणीच्या कानावर जगतो?"

"म्हण. काय बिघडलं? मी येते. कोपऱ्यात मुलूखिया घेऊन बसते."

"दोक्कीच्या स्टुडिओत मुलूखिया."

"मग नुसती बसते. हात रिकामे ठेवते. शहाता, कान नसताना तिथे काय करणार आहेस तू?"

"काटे आहेत," तो म्हणाला. कॉम्प्युटरवर डाव्या-उजव्या बाजूचे दोन काटे असतात, आवाज किती ते दाखवतात. "दोन्ही काटे सारखे आले की झालं. आणि हेडफोन उलटे घालून उजवी बाजू डाव्या कानाने ऐकून घेईन."

"एका डोळ्याने दोनदा बघितलं म्हणजे दोन डोळे होतात का रे? आणि काट्याचं मला सांगू नकोस. साखर आणि मीठ तराजूत सारखंच भरतं. चहात काय जास्त पडलं ते जिभेला कळतं."

"तू शिकव आता मला," तो म्हणाला. "सात वर्षं स्टुलावर काय बसलीस, उस्ता झालीस."

हे त्याने भांडणात म्हटलं. भांडणात माणूस बोलून जातो, मलाही समजतं. पण ते असं बोलला की जणू बरेच दिवस तोंडात धरून ठेवलं होतं. मी ताटावरून उठले.

दहा दिवस त्याने एकट्याने काम केलं. मी वर गेले नाही. मुलूखियाऐवजी भेंडी आणली. दहाव्या दिवशी, दुपारचीच वेळ, तो लॅपटॉप घेऊन खाली माझ्या मशीनपाशी आला आणि हेडफोन पुढे केले. "उद्या जायचंय. फक्त सांग, ठीक आहे की नाही."

मी हातातलं काम न सोडता हेडफोन लावले. आता ऐका, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, त्यालाही नाही. पहिल्या दहा सेकंदांत मला कळलं. उजवीकडे टाळ्या आणि ती केकाटणारी सनई अशी चावत होती की शत्ताचा आवाज डावीकडे ढकलला गेला होता, जत्रेत पोर भिंतीला चेपलं जावं तसा. काटे सारखे असतीलच. खर्ज काटा खूप हलवतो आणि कानाला कमी लागतो, चिरक्या आवाजाचं नेमकं उलटं. डावीकडे ढोल, उजवीकडे टाळ्या, काट्याने दोघांना सारखं म्हटलं आणि शहाताने काट्यावर विश्वास ठेवला. दोन शब्द बोलले असते तर अर्ध्या तासात गाणं सरळ झालं असतं.

शेवटी गाण्यात आला, "सोन्याच्या कानाच्या शहाताला सलाम."

मी हेडफोन काढले. म्हटलं, "ठीक आहे."

"खरंच?"

"आता काय कागदावर लिहून देऊ?"

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर गेला. मी एक अख्खी शिवण वाकडी घातली आणि उसवली. रात्रीपर्यंत वेळ होता, दुसऱ्या दिवशी सकाळी तो बूट घालत होता तेव्हाही वेळ होता. मी दारातच उभी होते. त्याने माझ्याकडे बघून विचारलंसुद्धा, "काय?" मी म्हटलं, "काही नाही. सांभाळून जा." आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ना, तसं झालं. फक्त त्या वेळी दात मी होते.

तो संध्याकाळी आला आणि काही न बोलता झोपला. मी विचारलं, "काय म्हणाली?" तर म्हणाला, "बघू म्हणाली." मला वाटलं, संपलं. नोकरी गेली, आणि निम्मी माझ्यामुळे गेली. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. त्याला सगळं सांगायचं ठरवलं, शुक्रवारी नमाजाहून आला की सांगायचं.

शुक्रवारी नमाज आटोपून तो तसाच भाकरी आणायला गेला. तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर काळ्या कपड्यातली एक बाई, चाळिशीची, डोक्यावर काळा रुमाल, हातात काही नाही. म्हणजे मिठाई-बिठाई काही नाही. सुतकाच्या घरी येतात तशी.

"मी शाहीनाज. शहातांच्या घरचे ना तुम्ही? अल्ला त्याच्यावर दया करो."

शहाता आत्ताच जिना उतरून गेला होता आणि खाली टुकटुक काय सुटलेली असतात ते आम्हालाच ठाऊक. मी चौकट धरली. "कोण गेलं? काय झालं त्याला?"

"तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?" ती घाबरली. "त्यांचा तो जोडीदार. गाण्याच्या कामातला. जो त्यांच्या उजवीकडे बसायचा."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिच्या मागे जिन्यात शहाता येऊन उभा होता, दोन्ही हातांवर गरम भाकऱ्यांची चळत. त्याने शाहीनाजला बघितलं, मला बघितलं, आणि तिथेच थांबला.

मी तिला आत घेतलं, बसवलं. शहाता भाकऱ्या हातातच घेऊन दाराशी टेकला. तिने मला हळू आवाजात सगळं सांगितलं, जणू मी आजारी होते. तिने गाणं ऐकल्यावर विचारलं होतं, उजवी बाजू एवढी का चावतेय, जरा सरळ करा. शहाता काट्यांकडे बघून दांड्या हलवत बसला. मग त्याने हेडफोन उलटे घातले. पुन्हा सुलटे, पुन्हा उलटे. तिसऱ्यांदा उलटे घातले तेव्हा तिला समजलं. बिचारी चांगली आहे हो, तिने दहा जणांपुढे बोलणं टाळलं, बाजूला नेऊन विचारलं, की मग आधीची सगळी गाणी कुणाच्या कानाने केलीत? आणि माझा भाऊ म्हणाला, माझा एक जोडीदार होता, तो वारला.

"ते रडले हो," शाहीनाज म्हणाली. "एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडला. मग मला राहवलं नाही, म्हटलं घरी जाऊन यावं."

मी उठून कॉफी ठेवायला गेले. आमच्याकडे मयताच्या घरी कॉफीत साखर घालत नाहीत. साखरेचा डबा समोर होता, मी झाकण उघडलं आणि परत लावलं. तीन कप केले. एक तिला दिला, एक मी घेतला. शहाताच्या हातातल्या भाकऱ्या काढून घेतल्या आणि तिसरा कप त्याच्या हातात दिला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. कॉफीत साखर नाही हे एका घोटात कळलं असेल त्याला, पण तो पीत राहिला.

शाहीनाज म्हणाली, "एक विचारायचं होतं. ती जुनी गाणी मी पुन्हा बाहेर काढणार आहे. त्याखाली त्या माणसाचं नाव लिहायचंय. मेलेल्या माणसाचं श्रेय खाऊ नये. शहातांना विचारलं तर त्यांना बोलवेना. तुम्हाला तरी माहीत असेल?"

चार अक्षरांचं नाव, जिभेच्या टोकावर आलं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? जिवंत बहिणीला मारून तो दुसऱ्यांदा खोटा पडला असता, आणि आधीच्या त्या "ठीक आहे"वर मी बसले होतेच. पण ते खरं कारण नाही. खरं कारण असं की मला ते माझ्या तोंडून नको होतं. सात वर्षं मी त्याच्या तोंडून ऐकायला थांबले होते.

"शहाताला विचारा," मी म्हटलं. "तो सांगेल."

खाली गॅसवाला सिलिंडर बडवत गेला. शहाताने कप खाली ठेवला, परत उचलला. मी त्याच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, बोल रे. ही बाई चांगली आहे, हसणार नाही. जन्मभर जिने झाडले तुझ्यासाठी, एक शब्द बोल.

"नाव राहू द्या, बाई," तो म्हणाला. "त्याला नाव झालेलं आवडायचं नाही."

शाहीनाजने मान हलवली. डोळे पुसले. उठताना माझे दोन्ही हात हातात घेतले आणि अशा वेळी बोलतात ते बोलली, "त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लागो."

मी म्हटलं, "तुम्हीही सुखी राहा."

तिला जिन्यापर्यंत सोडून मी आत आले. शहाता तिथेच उभा होता. बोलायला लागला तेव्हा आवाज नेहमीपेक्षा चढलेला होता. डावा कानही जायला लागलाय त्याचा, मला तेव्हाच लक्षात आलं. स्वतःचा आवाज किती आहे हे त्याला कळत नाही आताशा. "एनायात, मी काय करणार होतो? तिथे दहा माणसं होती! उद्या शत्ता येतोय, त्याचं गाणं अर्धं पडलंय. दुपारी वर येशील ना?"

मी तीन कप उचलले. एकाच्या तळाशी अजून गाळ होता.

"हळू बोल," मी म्हटलं. "घरात मयत झालंय."